दुसऱ्या हाताचे टाके

"हा टाका माझा नाही!" मास्तरांनी कोटाची कॉलर तिच्या डोळ्यांसमोर धरली... आणि तो टाका तिचाच होता!

ज्या शिंप्याच्या हातावर गिऱ्हाइकांनी तीस वर्षं डोळे मिटून विश्वास टाकला, तेच मास्तर, तिचे यजमान, गेलं वर्षभर शिवून झालेली प्रत्येक कॉलर उसवून आत कुणी चोरून ऐकायचं यंत्र लपवलंय का ते शोधत होते. आणि दुपारी त्यांचा डोळा लागला की ती चोरपावलांनी दुकानात जाऊन, त्यांचं नाव राहावं म्हणून, सगळं पुन्हा शिवून ठेवत होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "हा संशयाचा आजार आहे. वाद घालू नका, होला हो म्हणू नका, आणि त्यांच्यापासून लपवून काही करू नका." पहिली दोन पथ्यं तिने जिवापाड पाळली. तिसऱ्याचं मात्र तिला हसूच आलं होतं... चार टाके घालणं म्हणजे का लपवाछपवी!

"मी उसवतो ते कुणीतरी शिवतंय. मला वेडा ठरवत होतात ना सगळे?"

झाकली मूठ तशीच ठेवावी, असं क्षणभर तिला वाटलं. पण ते कॉलरीचे टाके पुन्हा पुन्हा चाचपू लागले, ते तिला बघवेना.

"अहो, मीच शिवलं ते! गिऱ्हाईक तुटू नये म्हणून... आत काही नाही हो, तुमची शपथ!"

मास्तरांनी कोट खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे घरातलंच माणूस निघालं."

त्या दिवसापासून त्यांनी डॉक्टरांनी दिलेली गोळी तिच्या हातून घेणं सोडलं. धाकट्या वन्सं धावत आल्या, समजावून समजावून थकल्या. शेवटी मास्तर बहिणीला म्हणाले, "तुझ्या हातून घेईन. पण ही या घरात नको."

वन्संना रडू कोसळलं. "वहिनी, असं कसं गं..."

"गोळी घेतो म्हणालेत ना?" तिने पदराने डोळे टिपले. "मग झालं तर!" आणि चार कपडे घेऊन ती लेकीकडे निघून गेली.

वन्संचा रोज फोन यायचा. झोप लागते, हातात पुन्हा कात्री धरतात... "माझं विचारतात?" या प्रश्नावर मात्र वन्सं दुकानाचं काहीतरी सांगू लागायच्या.

चौथ्या महिन्यात एका सकाळी मास्तर लेकीच्या दारात उभे राहिले. किती वाळले होते!

"डॉक्टर म्हणतात, हे वाटणं हळूहळू जाईल," ते म्हणाले. "अजून गेलं नाही गं. तू त्या चोरून ऐकणाऱ्यांना सामील आहेस, असं आत्तासुद्धा वाटतंय."

"मग आलात कशाला हो?" तिने विचारलं.

"हा आजार आहे, एवढं कळतं आता. कळलं तरी वाटायचं थांबत नाही... भीती वाटली की तोंडावर सांगत जाईन तुला. येशील?"

पिशवी घेऊन ती बाहेर आली. रस्त्यावर ती सवयीने त्यांच्या मागून चालू लागली, तेव्हा ते थबकले.

"तू पुढे चाल," ते कसेबसे म्हणाले. "मागे असलीस की... रागावू नकोस गं."

"नाही रागावत," म्हणत ती पुढे झाली आणि डोळ्यांतलं पाणी न पुसता, मागची पावलं येताहेत ना ते ऐकत, हळूहळू चालत राहिली.