हिरवा कौल

आमदारांना हॉटेलात कोंडून ठेवायचे दिवस गेले होते. कोयनेकाठच्या रिसॉर्टवर सत्ताधारी आघाडीचे आमदार खुशाल हिंडत होते, कारण प्रत्येकाच्या मनगटावर कौलपट्टी होती. नाडी, घाम आणि आवाजातला कंप एकत्र वाचून ती खऱ्याला हिरवा दिवा दाखवी, खोट्याला लाल. विधान परिषदेचं मतदान गुप्त असेना का, मनगट थोडंच गुप्त राहतं!

जुनी रीत मात्र सुटली नव्हती. आघाडीच्या प्रतोद इंदुमती घोरपडे यांनी ताम्हनात बेल आणि भंडारा मांडला होता. एकेक आमदार बेलभंडार उचलून इमानाची शपथ घेई आणि मनगटावर हिरवं उमटे. शेवटी म्हाळबा गडदे आले. इंदुमतीबाईंच्या पहिल्या निवडणुकीत उन्हातान्हात वाड्यावस्त्या पालथ्या घातलेला हा माणूस. भंडारा उचलताना त्यांची बोटं थरथरली. पट्टी लाल झाली.

"अक्का, मी फुटंन असं वाटतं तुम्हांला?" म्हाळबा कळवळून म्हणाले. "हात कापतोच माझा. खंडोबा हाय त्यो!"

"पट्टीला खंडोबा कळत नाही," मुख्यमंत्री हसून म्हणाले.

आघाडीचे दोन उमेदवार होते. देशमाने हमखास निवडून येणार होते, म्हणून म्हाळबांचं मत त्यांना नेमून दिलं. काठावरच्या रणदिव्यांना सगळे हिरवे आमदार दिले. ताकही फुंकून प्यायचं ठरलं होतं.

रणदिवे पडले. देशमान्यांना नेमलेली मतं मात्र एकूण एक पडली होती, म्हणजे म्हाळबांचंही. फुटले ते हिरवेच. ज्यांना देवाचं भय उरलं नव्हतं, त्यांची नाडी कशाला उडेल?

"हे लोकांना सांगायला हवं," इंदुमतीबाई म्हणाल्या.

मुख्यमंत्र्यांनी दार लावून घेतलं. "त्या हिरव्यांना चोर म्हटलं तर ते उद्याच पलीकडे जातील, सरकार पडेल. लोकांना एक गद्दार हवाय आणि लाल दिवा सगळ्यांनी पाहिलाय. तुम्ही म्हाळबांच्या जुन्या स्नेही, इंदुताई. तुम्ही बोललात की पटेल."

पत्रकारांसमोर पुन्हा ताम्हन आलं. इंदुमतीबाईंचं मनगट कॅमेऱ्यापुढे होतं. पट्टी लाल होऊ दे, त्या मनाशी विनवत होत्या. सरकार जाईल, मी जाईन, पण म्हाळबा सुटेल. त्यांनी बेलभंडार उचलला आणि म्हणाल्या, "म्हाळबा गडदे यांनीच आघाडीचा विश्वासघात केला."

दिवा हिरवा लागला.

सगळीकडून टाळ्या पडल्या. त्या खुर्चीत बसून राहिल्या. आपल्याला शरम वाटतेय, असं त्यांना वाटत होतं. पण पट्टीला ती कुठे सापडली नव्हती.

संध्याकाळी म्हाळबांचा फोन आला. मागे काचा फुटल्याचा आवाज होता, कुणीतरी बाई रडत होती.

"दगड मारत्यात अक्का, मारू द्या," ते म्हणाले. "मला एवढंच सांगा. भंडारा उचलताना तुमचा हात कसा कापला न्हाई वो?"