खुशालमामाचा झोक

फोन आला तेव्हा नंदिनी सेवाग्रामला होस्टेलच्या मेसमध्ये होती. पलीकडे काजलमामी नुसती रडत होती. "तुह्या मामानं शाळेची व्हॅन नालीत घातली!"

पोरांना साधं खरचटलंही नव्हतं. पण देवळीच्या चौकात ही गर्दी! आणि सगळ्यांसमोर बोट दाखवलं कोणी? मामाच्या सख्ख्या आईने, यशोदाआजीने. "दारुड्या! बाबासायबाच्या फोटोसमोर शपथ घेतलती ना तू?"

रक्तात दारूचा थेंब सापडला नाही. पण ऐकतो कोण? शाळेच्या मॅडम म्हणाल्या, सोमवारपर्यंत कारण सांगा, नाहीतर व्हॅन शेजारच्या राकेशला चालवायला देऊ.

नंदिनी डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला. देवळीला पोचताच तिने मामाला समोर बसवलं.

"सकाळी काय खाल्लं?"

"चहा. पोळी."

"अजून?"

मामाने खिशातून तंबाखू-सुपारीची पुडी काढली. "राकेशनं देल्लेला खर्रा."

राकेश! व्हॅन हवी कोणाला? त्यालाच! नंदिनीने खर्रा बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा भिंत धरतच बाहेर आला. डोळे जड, पाय सुजलेले, मिशीला काहीतरी पिवळं.

शुगर बरोबर. बीपी बरोबर. डोक्याचा फोटोही स्वच्छ. नंदिनीला रडू यायचं बाकी होतं.

"काय वो डॉक्टरीणबाई," राकेश फाटकातून ओरडला, "माह्या खर्र्याचं पोस्टमार्टम झालं का नाई?"

रविवारी दुपारी आजी थंड पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसली होती. "आग होते वं पायाची. रातभर डोयाले डोया नाई."

"शुगरनं नसा जळतात, आजी. त्याचं औषध घेतेस ना?"

"घेतात ना, रोज," मामी घाईने म्हणाली.

"मी? मी त कवाच सोडलं! चक्कर येते त्यानं." आजी मामाकडे वळली. "मी वडनेरले बहिणीकडे गेलती, तवा बरा होता हा. मी घरी आली का सुरू! काऊन असा छळतं रे मले?"

नंदिनी ताडकन उठली.

"मामी, खरं सांग. आजीची कॅप्सूल कशात टाकतेस?"

मामीचा चेहरा उतरला. "हळदीच्या दुधात. फोडून. आई थुकून देत होत्या, मंग काय करू?"

"आणि आजी, ते दूध तू पितेस?"

आजीने पदर तोंडाला लावला. "कडू लागे मले. आन् पोरगं दिवसभर गाडी हाकते, म्हणून त्यालेच देत होती. मीच त्याले म्हणो, काजलले सांगजो नोको."

"मिशीची हळद दिसत होती मला, आणि मी खर्रा हुंगत बसले!" नंदिनीने कपाळावर हात मारला. "ऐका. नसेच्या टोकाला बारकी बारकी फाटकं असतात. नसेतून वीज आली की ती उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि निरोप पुढच्या नसेला जातो. जळलेल्या नसेत ही फाटकं वाढतात, म्हणून आग आग होते. हे औषध फाटकाच्या एका तुकड्याला चिकटतं. मग फाटकं कमी होतात, आग थांबते. पण मामाच्या नसा तर धडधाकट! तसलीच फाटकं मेंदूतही असतात. तिथले निरोप मंदावले, म्हणून झोप आणि झोक. पाय सुजणं हाही याच औषधाचा त्रास. उद्या लघवी तपासू, औषध सापडेल त्यात."

"म्हंजे मीच?" आजी म्हणाली.

"तूच, आजी."

"मले सांगाले काय झालतं वं तुले?" आजी सुनेवर खेकसली.

"तुमी सांगतलं का मले, आई?"

मामा खाली मान घालून बसला होता. "रिपोर्ट येऊ दे. मंग जाऊ मॅडमकडे."

"रिपोर्ट येईन तवा येईन." आजीने घमेल्यातून पाय काढले, ओल्या पायातच चपला अडकवल्या. पहिल्याच पावलाला कळ आली, तिने नंदिनीचा खांदा धरला. "चौकात म्हणलतं ना मी याले दारुड्या? चाल. चौकातच सांगतो."

"आजी, ऊन किती आहे! पाय जळतील."

"जळू दे," आजी म्हणाली आणि पायरी उतरली.