एका दमात

"औषध न्हाय, गोली न्हाय, सुई न्हाय... नुसता हात वर कर, हात खाली कर! मी काय ट्राफिकचा हवालदार हाय?"

पडद्यापलीकडून आलेली ही कुरकुर ऐकली आणि पायलला त्या आठवड्यातलं पहिलं हसू फुटलं. पडदा तरी कसला – धुऊन धुऊन विरलेलं हिरवं कापड, दोन खाटांच्या मधे.

"बरोबर बोलताय काका," ती मोठ्यांदा म्हणाली. "मलाही मघापासून बसवून ठेवलंय. या डॉक्टरला एक गोळी लिहायची म्हटलं तर हात जड होत असेल."

पडदा सर्रकन सरकला. खाटेवर पांढऱ्या मिशांचे काका होते, आणि त्यांचा हात मनगटाशी धरून उभा होता – डॉक्टर.

"हात जड आहे तो यांचा," तो म्हणाला. "गोपीनाथकाका. तारोडीचे. होडीच्या शर्यतीत पोरांना हरवायला गेले आणि खांदा दुखवून आले. तुमचं काय?"

"गुडघा."

"नाव?"

"गुडघ्याचं?"

"तुमचं."

"पायल." आणि त्याच्या ओठांची कड हलायच्या आत तिने बजावलं, "हसायचं नाही! शाळेपासून ऐकतेय. पायल आणि पाय."

"मी काही बोललोच नाही."

"डोळे बोलले."

मीरा रोडच्या त्या दवाखान्यात पायल आली तीच मुळी रागावलेली. गोडदेवच्या मैदानात कबड्डीचा सराव चालू होता, चढाईत तीन जणींनी मिळून तिला पाडली आणि उजव्या गुडघ्यात काहीतरी कळवळलं. काशीनाथ सर म्हणाले, मुरगळलाय, पळव जरा. पळवला, तर जास्त सुजला. आई – मुक्ताबाई – हळद लावत बसली. आणि राज्याच्या संघाची निवड चाचणी तोंडावर! गेल्या वर्षी तिचं नाव अगदी शेवटी गळलं होतं. यंदा नाही झालं तर पुढच्या वर्षी तिची जागा घ्यायला मागून लहान पोरी रांगेत उभ्याच होत्या.

डॉक्टर लोकेशने गुडघा इकडून दाबला, तिकडून वळवला, फोटो बघितले. "आतल्या बाजूचं लिगामेंट अर्धवट फाटलंय. ऑपरेशन लागणार नाही. पण वेळ लागेल. घाई करू नका... जरा दम घ्या."

झालं! पायल एका पायावर खाटेवरून खाली.

"दम घ्या? डॉक्टर, मी चढाई करते. समोरच्या अंगणात सात जणींच्या मधे कबड्डी-कबड्डी म्हणताना दम घेतला की काय होतं, माहितीये?"

"काय?"

"आउट! आणि तुम्ही मला पहिल्याच दिवशी दम घ्या सांगताय?"

लोकेशने दोन्ही कानांच्या पाळ्या पकडल्या. "चुकलो. मग... दम धरा?"

"आता कसा बोलला!" काका खाटेवरून म्हणाले.

पायलने राग काही सोडला नाही. पण जिना उतरताना, एकेका पायरीवर कण्हत, ती दोनदा हसली.

गोळ्या त्याने खरंच दिल्या नाहीत. भिंतीला पाठ लावून नसलेल्या खुर्चीवर बसवलं. एका पायावर उभं केलं. सूज उतरली तशा उड्या मारायला लावल्या आणि मोबाइलवर शूटिंग करून तिलाच दाखवलं.

"बघा, खाली येताना गुडघा आत वळतोय. सगळा भार त्याच्यावर. मांडी आणि कंबर काय करतायत?"

"दम घेतायत. तुमचं ऐकलं असेल त्यांनी."

तो हसला की डाव्या गालावर एक रेघ उमटायची. पायलने ती बघायची नाही असं ठरवलं होतं... म्हणून ती रोज दिसायची.

झोप किती घेता, सरावाआधी काय खाता, हेही विचारलं. "चहा-खारी," ती म्हणाली. त्याने थेट मुक्ताबाईंनाच फोन लावला, आणि दुसऱ्या दिवसापासून घरात अंडी, चवळीची उसळ... खारीचा डबा माळ्यावर.

"माझ्या घरात ढवळाढवळ करताय तुम्ही!"

"गुडघा तुमच्या घरातच राहतो ना?"

एका रविवारी तो स्वतः गोडदेवच्या मैदानात आला – वळताना पाय कसा टाकता ते बघायचंय म्हणाला. बुटांत माती, पँट घोट्यावर दुमडलेली, समोरच्या अंगणात पकडीला उभा राहिला. सगळ्या मुली रेषेवर खिदळत होत्या, मुक्ताबाई मैदानालगतच्या घराच्या खिडकीतून बघत होत्या. पायल गेली – कबड्डी-कबड्डी-कबड्डी – डावीकडे झुकली, उजवीकडून त्याच्या कोपराला बोटाचं टोक लावलं आणि मध्यरेषेवर परत.

"आउट!" ती ओरडली.

"कधीचाच," तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही... उजव्या पायावर वळताना कचरलात. ते घालवू."

पण ते घालवायच्या आधी तोच गायब झाला.

पुढच्या वेळी ती दवाखान्यात गेली, तर काउंटरवर बसणारी हिना कॉम्प्युटरमधून मान वर न काढता म्हणाली, "आजपासून तुम्हाला मृणालिनी मॅडम बघतील."

"का?"

"सरांनी सांगितलंय."

"पण का?"

हिनाला अचानक पंख्याच्या आवाजात काही ऐकू येईना. काशीनाथ सरांना विचारलं तर ते शिटी पुसत बसले. आई म्हणाली, "आधी जेवून घे." मुली एकमेकींकडे बघून वॉर्मअपला पळाल्या. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं! आणि पायलला एकच अर्थ लागला – गुडघा संपलाय. आणि ते तोंडावर सांगायची त्या माणसात हिंमत नाही.

असा राग तिला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. तो कॉरिडॉरमधून समोरून यायचा आणि मोबाइलमध्ये डोकं घालून वळायचा. तेव्हा तर तिला वाटायचं, इथेच याची पकड करावी.

मृणालिनी मॅडम पिकल्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी सगळं पहिल्यापासून तपासलं. दोन्ही मांड्यांची ताकद, एका पायावरच्या उड्या, धावता धावता गर्रकन वळणं. चाचणीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी चष्मा काढला.

"खेळ."

"काय?"

"गुडघा तयार आहे. बिनधास्त खेळ."

आनंदाने नाचायचं सोडून पायल लाल झाली. "मग त्यांनी मला का हाकललं?"

"मी फक्त गुडघ्याचं सांगते," मॅडम म्हणाल्या आणि पाणी प्यायला उठल्या.

हिरव्या पडद्यामागून ओळखीची कुरकुर येत होती. "मना रोज सांगतोस, काका, दुखतं ते लपवू नका. आणि तू काय करतंस रं?"

पायलने पडदा असा ओढला की दोन कड्या निखळल्या. लोकेशच्या हातात काकांचा हात, तसाच, पहिल्या दिवशीसारखा.

"पायल... मॅडमनी सांगितलं ना? मी – म्हणजे, खूप –"

"गुडघा संपला म्हणून रडले मी! आईला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून रडले! आणि गुडघा ठणठणीत! मग काय चुकलं होतं माझं?"

"तुमचं नाही... पेशंट आणि डॉक्टर, म्हणजे... त्याला एक..."

"दम घेऊ नका!" तिचा आवाज फाटला. "एका दमात सांगा. मधे थांबलात तर आउट."

लोकेशने काकांचा हात सोडला. तो हात तसाच हवेत राहिला. लोकेशने छाती भरून श्वास घेतला.

"त्या रविवारी मैदानात तुझा गुडघा बघायला आलो आणि गुडघा सोडून सगळं बघितलं आणि घरी जाताना कळलं की आता मी खेळ म्हणालो तर ते तू हसावीस म्हणून म्हणेन आणि नको म्हणालो तर तुला लागेल या भीतीने म्हणेन आणि दोन्हीत डॉक्टर कुठेच नसेल आणि तुझा गुडघा माझ्यापायी वाया जायला नको होता म्हणून तुला मॅडमकडे दिलं आणि हे सांगायला रोज जिन्यापर्यंत आलो आणि परत फिरलो आणि मला तू आवडतेस पायल."