फक्कीच्या भिंती

“दार लावा! अहो, आधी दार लावा!”

मी दचकून दार लावलं. मग लक्षात आलं, शेजारच्या घरात मोजणी करताना मी जे उघडलं, ते कपाट नव्हतंच. मी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभी होते. हातात मोजपट्टी, कानावर पेन्सिल... आणि समोर जमिनीवर गुडघे टेकून बसलेला एक उंच तरुण. त्याच्या काखेत भलंमोठं करडं मांजर, दातांत बँडेजचं टोक.

“सॉरी, मला वाटलं हे कपाट—”

“ते नंतर. आधी हिचा पाय धरा. मागचा. घट्ट नको, लाडात धरा.”

लाडात पाय कसा धरतात, हे मला आर्किटेक्चरच्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. तरी धरला. मांजराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिचा पाय मीच मोडला होता. त्याने पट्टी गुंडाळली, गाठ मारली आणि मग कुठे मान वर केली. दारावरच्या पिवळ्या काचेतून आलेलं ऊन त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडलं होतं. मी पटकन मोजपट्टीकडे बघायला लागले.

“चहा घेणार?” त्याने विचारलं.

“एक अनोळखी बाई तुमच्या भिंतीतून बाहेर आली, आणि तुम्ही चहा विचारताय?”

“इथे सगळे भिंतीतूनच येतात. पुढच्या दाराने फक्त पोस्टमन येतो.”

ती काच कारखान्याच्या कामगारांची जुनी वसाहत होती. कारखाना कधीच बंद पडला होता, माणसं मात्र तिथेच राहिली होती. एकाला एक लागून घरं, आणि दर दोन घरांच्या मध्ये एक अरुंद दार. पहिल्या कामगारांनी कारखान्यातल्या उरलेल्या रंगीत काचा आणून पुढच्या दारांवर बसवल्या होत्या. ज्या घराची जी काच, तेच त्या घराचं नाव. शेजारी हिरवी मावशी, पलीकडे लाल काका. आणि हा पिवळ्यांचा डॉक्टर. जनावरांचा.

भिंतींना ओल आली होती, छपरं गळत होती. महापालिका सगळं पाडून तिथेच नवी घरं बांधून देणार होती. ते काम आमच्या ऑफिसकडे होतं, आणि जुन्या घरांची मापं घ्यायला मला पाठवलं होतं.

तेवढ्यात दुसऱ्या भिंतीतलं दार उघडून एक बाई आल्या. ही त्याची आत्या, लहानपणापासून त्याला वाढवणारी. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं.

“ही कोण रे?”

“मोजणीबाई,” तो म्हणाला.

झालं. त्या दिवसापासून सगळ्या वसाहतीत माझं तेच नाव पडलं.

मोजणी आठवड्याभराची होती. मला महिना लागला.

“तुम्ही रोज हीच भिंत मोजताय,” मोजपट्टीचं दुसरं टोक धरून तो एका संध्याकाळी म्हणाला.

“ओल आलीय. फुगते.”

“रोज?”

“रोज.”

“मग उद्याही फुगेल?”

“लक्षणं तर तशीच दिसतायत, डॉक्टर.”

तो हसला. पट्टी गुंडाळत गुंडाळत जवळ आला... आणि माझ्या हातापर्यंत आल्यावर ती सोडायलाच विसरला. पश्चिमेचं ऊन काचांतून सज्ज्यावर पडलं होतं. पिवळं, हिरवं, लाल, सगळं एकमेकांत मिसळलेलं. मग आतून आत्यांची हाक आली, “अरे, मोजून झालं असेल तर पाणी भर!”

आणि मग एके दिवशी वसाहतीच्या फाटकावर नव्या इमारतीचं चित्र लागलं. उंच पांढरा मनोरा, लिफ्ट, खाली बाग. मी आले तेव्हा तो त्या चित्रासमोर उभा होता.

“हे तू काढलंस?”

पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाला. कितीतरी संध्याकाळी ज्या शब्दाची वाट पाहिली, तो असा यावा!

“हो. इथे पाऊल ठेवण्याआधी.”

“छान आहे. खरंच. ओल नाही, लिफ्ट आहे... आत्याच्या गुडघ्यांना बरं पडेल.” तो थांबला. “पण एक सांग. मला कुठल्या गोठ्यातून कधी बोलावणं येईल, नेम नसतो. मी नसताना आत्याने हाक मारली, तर ऐकणार कोण?”

मी स्वतः अशाच एका मनोऱ्यात आईबाबांबरोबर राहते. शेजारच्या दारावरची पाटी मला तोंडपाठ आहे. पाटीमागचा माणूस कधी पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमसमोर जाऊन बसले. आमच्या ऑफिसच्या सर्वेसर्वा.

“दोन फ्लॅटच्या मध्ये दार?” त्यांनी चष्मा नाकावर ओढला. “अगं, लोक भिंती जाड करून मागतात!”

“हे नाही मागणार.”

“तुला काय माहीत?”

“मी... महिनाभर मोजलंय, मॅडम.”

“काय मोजलंस ते दिसतंय तोंडावर.” त्या हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. “शनिवारी आयुक्त येतायत वसाहतीत. त्यांच्यापुढे ‘मला वाटतं’ चालणार नाही. दाखवता येत असेल तर दाखव.”

दाखवायचं कसं? कागदावरच्या रेषा बघून कोण सांगणार, आपण इथे सुखाने राहू की नाही? जिन्यात बसून डोकं खाजवत असताना सुचलं. फाटकावरच्या त्या चित्रापासून त्याच्याशी बोलणं थांबलं होतं, तरी फोन लावला.

“मैदानावर खेळाच्या रेषा मारतात ना, ती पांढरी फक्की... कुठे मिळेल?”

“कशाला?”

“नव्या इमारतीचा अख्खा मजला आखायचाय. जमिनीवर, खऱ्या मापात. लोकांना आत राहून बघू दे.”

माझा जीव नुसता टांगणीला.

“किती पोती आणू?” त्याने विचारलं.

शुक्रवारी दुपारपासून आम्ही वसाहतीच्या मैदानात होतो. मी दोरी धरायची, त्याने फक्की सोडायची. हळूहळू खोल्या उमटत गेल्या. तो कोपरापर्यंत पांढरा झाला होता, भुवयासुद्धा सुटल्या नव्हत्या.

“ही झोपायची खोली?”

“हो.”

“आडवा झालो तर माझे पाय भिंतीत जातील.”

“तिरकं झोपायचं.”

“आणि मी एकटा नसलो तर?” तो खाली बघत, अगदी सरळ रेष मारत म्हणाला.

“दोरी ताठ धर!” मी कसंबसं म्हणाले.

“दोरी तुझ्याच हातातून सुटलीय.”

शनिवारी सगळी वसाहत मैदानात लोटली. मॅडम आल्या, आयुक्तसाहेब आले. मी सांगितलं, “आपापल्या खुर्च्या-भांडी घेऊन आपापल्या घरात बसा. रेष म्हणजे पक्की भिंत. येणं-जाणं फक्त पुढच्या दाराने.”

हसत-खिदळत सगळे बसले. थोडा वेळ शिस्तीत गेला. मग पिवळ्या आत्या उठल्या आणि गप्पांच्या नादात तडक हिरव्या मावशीकडे निघाल्या.

“आत्या, भिंत!” मी ओरडले.

“अगं बाई!” त्या मागे फिरल्या, पुढच्या दारातून बाहेर पडल्या, लिफ्टला वळसा घालून मावशीच्या दाराशी पोचल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “काय सांगायला निघाले होते, तेच विसरले!”

मैदान खदखदून हसलं. पण मग लाल काकाही भिंतीतून गेले. मुलं तर पळतच सुटली. वाटी इकडे, वर्तमानपत्र तिकडे... तासाभरात भिंतींची आठवणही कुणाला उरली नाही.

आयुक्तसाहेब चालत मधोमध आले आणि खाली बघत उभे राहिले. बाहेरच्या रेषा जशाच्या तशा होत्या. पण घराघराच्या मधली रेष एकेका ठिकाणी पावलांनी पार पुसली गेली होती. दाराएवढीच.

“हे तुम्ही मुद्दाम पुसलंत?”

“नाही साहेब. मी फक्त भिंती घातल्या. दारं त्यांनी पाडली.”

“आणि उद्या कुणाचं शेजाऱ्याशी वाजलं, तर?”

मी तोंड उघडण्याआधी आत्याच पुढे झाल्या. “तर कडी आहे की! हिरवीशी मी दोन वर्षं अबोला धरला होता. कडी लावून बसले होते. पण साहेब, कडी काढावीशी वाटली, तर मुळात दार तर हवं ना?”

हिरव्या मावशींनी डोळ्यांना रुमाल लावला. आयुक्तसाहेब आधी गालात, मग चांगले मोठ्याने हसले. मॅडमकडे वळून म्हणाले, “जमेल?”

“मजले कमी करून इमारत लांब केली, दोन्हीकडे सज्जे दिले, तर जमेल.” मॅडमनी काखेतली गुंडाळी सोडली. “हिने काढून ठेवलंय. मला न दाखवता.”

माझाच नकाशा! माझ्या टेबलाच्या खणातून त्यांनी तो कधी काढला, कोण जाणे.

“आणि आमच्या काचा?” लाल काकांनी काळजीने विचारलं.

“एकेक काच उतरवून आपापल्या नव्या दारावर बसेल,” मी म्हणाले.

“मग बांधा असंच,” आयुक्तसाहेब म्हणाले.

क्षणभर कुणाचा विश्वासच बसला नाही. मग कुणीतरी डाव पातेल्यावर आपटला, आणि सोबत आणलेलं भांडं न् भांडं वाजायला लागलं. मला कुणी मिठी मारली, कुणी गालगुच्चा घेतला, काही कळलं नाही. त्या गलक्यातून वाट काढत तो माझ्यासमोर आला.

“मोजणीबाई... म्हणजे तुझं इथलं काम संपलं?”

“मोजणी संपली. आता बांधकाम. दोन वर्षं तरी रोज यावं लागेल.”

“आणि त्यानंतर?”

आज हरायचा दिवस नव्हताच.

“त्यानंतर... राहायलाच यावं म्हणते. तुझ्याकडे. चालेल?”

त्याने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. मुक्या जनावरांच्या मनातलं ओळखणारा माणूस, आणि स्वतःचीच वाचा बसलेली!

“अरे, हो म्हण की!” मागून आत्या कडाडल्या. “का मी म्हणू?”

“हो,” तो म्हणाला. मग एकदम मोठ्याने, “हो! हो!”

पातेली पुन्हा वाजली, आधीच्या दुप्पट. त्याने सगळ्यांदेखत माझा हात धरला, आणि मी तो सोडवला नाही.

“काय गं,” मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “आता सोमवारी रजा टाकणार असशील?”

“छे! सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी हजर असेन,” मी म्हणाले. “घर बांधायचंय, मॅडम.”