दुधी काचेवरचा डाग

डाग जमिनीपासून एकशे छप्पन्न सेंटिमीटरवर होता. शर्टाच्या बटणापेक्षा मोठा, बाटलीच्या झाकणापेक्षा लहान. तिने टेप लावून दोनदा मोजलं.

हे घडलेलं आहे. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, मोजल्याशिवाय बोलत नाही. आजही हे सांगताना ती दाराकडे पाठ करून बसत नाही.

तो मंगळवार होता. संध्याकाळचे सहा पन्नास. तिच्या घराच्या पुढच्या दाराची काच बदलून एकच दिवस झाला होता.

जुनी काच साधी होती, आरपार दिसणारी. नवरा तिच्या आधी घरी यायचा, आणि तिची यायची वेळ झाली की त्या काचेला कपाळ टेकून उभा राहायचा. ती फाटक उघडायची, तो आत दिसायचा. काचेवर रोज तेलकट डाग पडायचा.

"कपाळ आहे की तेलाची बाटली?" पुसताना ती म्हणायची.

"वाट बघितल्याची पावती आहे ती," तो म्हणायचा.

तो जाऊन चौदा महिने झाले होते. ती रडली नव्हती. कामावर जात होती, जेवत होती, झोपत होती. फक्त फाटक उघडलं की रिकामी काच दिसायची... तेवढी तिला नको होती.

धाकटी नणंद दर रविवारी फोन करायची. "वहिनी, घर विकायचं की नाही? माझ्याकडची खोली रिकामीच आहे."

"बघू."

"तुझं 'बघू' ऐकून माझे कान किटले गं!"

घराचं काही ठरेना. तिने काच तेवढी बदलून घेतली.

काचवाला बोलका होता. "दुधी काच बसली की शेजाऱ्यांची करमणूक बंद, ताई!" मग त्याने विचारलं, "खरखरीत बाजू आत घेऊ ना? बाहेर ठेवली तर पाणी लागलं, तेलाचा हात लागला, की तेवढ्यापुरतं आरपार दिसतं."

"आत घ्या," ती म्हणाली.

आणि दुसऱ्याच दिवशी हा डाग.

काचवाल्याचा हात लागला असेल. तिने डाग स्पिरिटने पुसला. काच पुन्हा दुधी झाली.

बुधवारी ती घरी आली...

डाग होता. त्याच उंचीवर.

तिने बाहेरून बोट फिरवलं. गुळगुळीत, कोरडं. दार उघडून आतून फिरवलं. बोट तेलकट झालं.

घर दिवसभर बंद होतं. दुसरी किल्ली नणंदेकडे, तीनशे किलोमीटरवर. नवऱ्याची उंची तिला पाठ होती. त्याचं कपाळ कुठे टेकायचं हे कळायला वजाबाकी करायची गरज नव्हती.

तिला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. त्याचंच तिला नवल वाटलं.

गुरुवारी तिने त्या जागेवर आतून कागद चिकटवला, चारही कडांना टेप लावून. संध्याकाळी कागद काचेवर नव्हता...

चपलांच्या कपाटावर होता. चौघडी घातलेला. तो वर्तमानपत्राची घालायचा तशी.

तिने नणंदेला फोन लावला. सगळं क्रमाने सांगितलं.

नणंदेने सगळं ऐकून घेतलं. मग, "वहिनी, तू जेवतेस ना नीट?"

शुक्रवारी लॅबमध्ये मशीन बंद पडलं. तिला दीड तास उशीर झाला. तिने फाटक उघडलं आणि जागीच थांबली.

डाग वाढला होता...

आडवा पसरला होता, वीतभर. रस्त्याच्या या टोकाला, मग त्या टोकाला कुणी पुन्हा पुन्हा पाहावं तसा.

पूर्वी तिला उशीर झाला की काच अशीच दिसायची.

शनिवारी तिने सुट्टी घेतली. दुपारी काच पुसली, दाराला कुलूप लावलं आणि बाहेर पायरीवर बसून राहिली. आत कुणी नव्हतं. खोल्या, कपाटाच्या मागची जागा, सगळं तिने पाहिलं होतं.

चार वाजले. पाच. सहा. काच पांढरीफटक.

सहा सत्तेचाळीसला ती उठली. दारासमोर उभी राहिली.

टक...

आतून. कपाळ काचेला टेकल्यावर होतो, तेवढाच आवाज.

तिच्या डोळ्यांदेखत काचेवर एक ठिपका स्वच्छ झाला. त्यातून आतली भिंत दिसली, भिंतीवरचं घड्याळ दिसलं. मध्ये कुणी नव्हतं.

ठिपका डावीकडे सरकला, फाटकाच्या दिशेने. मग उजवीकडे. मग परत आला, आणि नेमका तिच्यासमोर थांबला.

किल्ली तिच्या मुठीत होती. तिने ती कुलपाला लावली नाही.

"अहो," ती म्हणाली. चौदा महिन्यांत हा शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता. "मी घर विकतेय. उद्यापासून माझी वाट बघू नका."