पत्तीची पकड

भार्गवीने भाकरीचा मऊ पापुद्रा दुधात बुडवला आणि तोंड उघडलं. डाव्या कानापुढे कट्‌ असा आवाज झाला.

"वाजलं बघ," समोर जेवायला बसलेले तिचे वडील दत्तोबा म्हणाले. "सनई राहिली बाजूला, जबडाच वाजतोय तुझा."

ती हसली नाही. हसलं तरी दुखत होतं. देवळात सनई वाजवणाऱ्या गुरवांच्या घरातली ती. पण महिनाभर तिच्या ओठांत सनईची पत्ती ठरत नव्हती. दात मात्र सरळ झाले होते, सरकपट्टीने. दातांवर चढवायची ही पारदर्शक पट्टी सूक्ष्म कंपनांनी मुळांभोवतालचं हाड नरम करायची आणि दात ठरल्या जागी न्यायची. तारा नकोत, वर्षं नकोत. तीन आठवड्यांत काम. गावोगावी त्याची शिबिरं भरत होती.

दुपारी सांगलीच्या दवाखान्यात डॉ. नूतन शिराळकरांनी पडद्यावर तिच्या कवटीचं चित्र फिरवलं.

"दात बिनचूक बसलेत. जबडा चुकीच्या जागी आहे. या सांध्यात हाडावर हाड घासू नये म्हणून मऊ चकती असते. तुमची निसटलीय. माप देताना जबडा पुढे काढला होता का?"

भार्गवीला शिबिर आठवलं. माप घेणाऱ्या यंत्राने 'नेहमीसारखं चावा' म्हटल्यावर ती गोंधळली होती. दत्तोबा मागून म्हणाले होते, "अगं, सनईची पत्ती धरतेस तसं धर की!" तिने ओठ आत घेऊन खालचा जबडा पुढे सरकवला. यंत्राने तीच तिची ठेवण मानली आणि पट्टीने सगळे दात त्या ठेवणीला जुळवले. तेव्हापासून दात मिटले की सांधा खोबणीतून ओढला जात होता. प्रत्येक घासाला.

"दात परत नेता येतील?"

"दात नेता येतील. पण चकती फाटलीय."

"मग सनई?"

डॉक्टरांनी पडदा बंद केला. "असं माप आणखी कुणी दिलंय?"

ती घरी पोहोचली तेव्हा पडवीत दत्तोबांची सनईची शिकवणी चालू होती. सहाही मुलांच्या दातांवर पट्ट्या चमकत होत्या. दत्तोबाच त्यांना शिबिराला घेऊन गेले होते.

"पट्ट्या काढा सगळ्यांनी. आत्ताच्या आत्ता."

"का गं? अजून आठवडा आहे की," दत्तोबा म्हणाले. "मापं मी स्वतः उभं राहून द्यायला लावलीत, अगदी तुझ्यासारखी. एकाचंही चुकू दिलं नाही."

सगळ्यांत धाकट्या रेणुकाने पट्टी काढायला तोंड उघडलं.

कट्‌.

दत्तोबांची बोटं सनईवरच थांबली. त्यांनी रेणुकाकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"भार्गवी," त्यांनी सावकाश विचारलं, "हा आवाज हिला कुठून लागला?"