निवलेली जमीन

डोंगर फोडायला आलेल्या पहिल्या लोकांनी वस्तीला एक रीत लावून दिली होती. बर्फ पडला की सकाळी हिंडायचं आणि जिथे तो टिकला नसेल तिथेच घर बांधायचं. खालून ऊब येते म्हणे.

खाणीत लाकडाचे टेकू देणारा सुतार उशिरा आला. बरोबर बायको आणि खोकून खोकून अर्धी झालेली लेक. कोरडी जागा उरली नव्हती. त्याने बर्फावरच फळ्यांचं खोपटं उभारलं.

"उशिरा आलात, आता काढा दिवस कुडकुडत," शेजारणीने सुनावलं आणि दार लावून घेतलं.

लेकीच्या तोंडून रक्त आलं, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, कुणाचेही पाय धरा, पण पोरीला ऊब मिळू द्या."

सुतार लेकीला उचलून खाणीच्या मुकादमाच्या घरी गेला. मुकादमाने कपाळाला आठ्या घातल्या. "दिवसभर ठेव आमच्याकडे. पण खाटेवर नाही. जमिनीवर निजेल."

"अंथरूण तरी?"

"नको. आमची जमीन यंदा निवली आहे."

सुताराला ते विचित्र वाटलं. खाणीतल्या सवयीने त्याने हातोडीच्या दांड्याने जमीन ठोकून पाहिली. भरीव, अखंड खडक. ना पोकळी, ना धग. मग इतकी वर्षं ऊब येत होती कुठून?

"झालं का ठोकून? की पोरगी घेऊन चालता होतोस?" मुकादमीण म्हणाली.

लेक खोकत होती. त्याने तिला खाली ठेवलं आणि खाणीतल्या पाळीवर गेला.

संध्याकाळी परतला तर मुकादमाच्या घराच्या खिडक्या सताड उघड्या. आत उकडत होतं. मुकादम सदरा काढून बसला होता. लेक जमिनीला गाल लावून पडली होती.

"बाबा, खोकला गेला."

खरंच गेला होता. त्याने तिला उचललं. ती दगडासारखी गार लागली.

"उद्याही आण," मुकादमीण म्हणाली. पहिल्यांदाच गोड आवाजात.

तो लेकीला घेऊन बाहेर पडला.

कुंपणाशी शेजारणीची पोरं अनवाणी उभी होती. कुणी कुडकुडत नव्हतं. ती लेकीकडे बघत होती, आपल्यातल्याच कुणाकडे बघावं तशी.

बर्फ भुरभुरू लागला.

लेक हसली. जीभ बाहेर काढून तिने बर्फ झेलला.

तो घरापर्यंत चालत गेला. दारात बायकोने लेकीच्या तोंडाजवळ दिवा धरला.

बर्फ जिभेवर तसाच होता.